स्तुती गाणारा गळा कोणाचा?

दर गुरुवारी दुपारी अडीचच्या सुमाराला लोणावळ्यातल्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस बायका जमतात. सकाळची बंगल्यांवरची धुणीभांडी, झाडलोट उरकलेली असते. कोणी चिक्कीची पाकिटे भरून आलेली असते, कोणी हॉटेलच्या चादरी वाळत घालून. शनिवार-रविवार या बायकांना उसंत नसते, कारण तेव्हा मुंबई-पुण्याची माणसे सुट्टीवर येतात. म्हणून यांचा रविवार गुरुवारी उजाडतो. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत एक ढोलकी, एक खंजिरी आणि टाळांचा एक जोड. पहिले गाणे सुरू होते तेव्हा आवाज दबलेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला टाळ्या पडू लागतात, आणि अर्ध्या तासाने खोलीत असा काही सूर भरतो की गॅलरीत उभा राहिलेला मनुष्यही क्षणभर थबकतो.

मी या भागात गेली काही वर्षे बायकांच्या प्रश्नांवर काम करते. बचतगट, रेशनकार्डे, घरातली मारहाण, टी.बी.ची औषधे हा माझा रोजचा व्यवहार. गुरुवारी वेळ मिळाला की मीही त्या खोलीत जाऊन बसते. मागे एका शिबिरात एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला सर्वांसमोर विचारले, "अगं, तू चळवळीतली, शिकलेली. आणि त्या हालेलुयात जाऊन टाळ्या वाजवतेस?" सगळ्या हसल्या. मीही हसले. उत्तर मात्र मला देता आले नाही. ते उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न.

आधी माझी ओळख सांगायला हवी, नाहीतर मी बाहेरून बोलते आहे की आतून, असा प्रश्न पडेल. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळीतली. आजोबा रेल्वेत गँगमन होते, त्यामुळे कुटुंब घाटमाथ्यावर आले. आजीला अक्षरओळख नव्हती, पण टिळकांचे अभंग तिला पाठ होते. टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक. पहाटे चूल पेटवताना, रात्री भांडी घासताना ती ते म्हणत असे. घरात तिला कोणी काही विचारत नसे. लग्ने ठरत, जमिनीचा तुकडा विकला जाई, आजीला शेवटी कळे. पण ती गाऊ लागली की आजोबासुद्धा गप्प बसत. दिवसभरात तिच्या आवाजाला मान मिळण्याची तेवढीच एक वेळ होती. हे तेव्हा मला कळत नव्हते. कॉलेजात गेले, एम.एस.डब्ल्यू. झाले, धर्म ही बाईच्या पायातली बेडी आहे असे वाचले, पटलेही, आणि चर्चला जाणे सुटले. पुढे कामाच्या निमित्ताने बायकांच्या मागे-मागे फिरताना मी पुन्हा त्या टाळ्यांच्या आवाजापाशी येऊन पोचले.

केडगावच्या मुली

आपल्याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाईंना चळवळीत आपण मानाने आठवतो, पण अर्ध्याच. १८८२ चा आर्य महिला समाज, १८८७ चे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचे पुस्तक, १८८९ चे शारदासदन एवढे आपल्याला चालते. पुढची, प्रार्थना करणारी रमाबाई आपण बाजूला ठेवतो. त्यांच्या आयुष्याचा तेवढा भाग म्हणजे जणू विद्वान बाईचा उतारवयातला भाबडेपणा.

खरे तर १९०५ साली केडगावला जे घडले ते बायकांच्या इतिहासात नीट नोंदवायला हवे. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या मुली, बालविधवा, टाकलेल्या बायका तेथे राहत होत्या. १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करण्यासाठी स्वेच्छेने येणाऱ्यांना बोलावले. सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत तो आकडा पाचशेच्या वर गेला. जूनच्या अखेरीस तेथे जे सुरू झाले त्याला पुनरुज्जीवन म्हणतात. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, गाऊ लागल्या, टाळ्या वाजवू लागल्या. तेथल्या अंगात आल्यासारख्या गोष्टींबद्दल आणि चमत्कारांबद्दल ज्याने-त्याने आपले मत ठरवावे. माझे लक्ष दुसरीकडे जाते. या मुली कोण होत्या? ज्यांचे मोठ्याने हसणेही घरात पाप होते, ज्यांच्या विधवापणामुळे त्यांचे तोंड पाहणे अशुभ होते, ज्या भुकेने रस्त्यावर मेल्या असत्या तर कोणी दखल घेतली नसती, त्या. त्यांनी पहिल्यांदा शेकड्यांनी एकत्र आवाज काढला, आणि कोणी त्यांना गप्प केले नाही.

गप्प करायला लोक टपलेले होते. कित्येक परदेशी मिशनऱ्यांना तो गोंगाट वाटला. उपासना कशी शांत, शिस्तीत व्हावी! रमाबाईंनी १९०७ मध्ये त्याला उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की हिंदी लोकांनी आपल्या स्वभावाप्रमाणे देवाची उपासना का करू नये, दुसऱ्या देशांतल्या साच्यात त्यांना का कोंबावे? या बाईने ऐन तारुण्यात, इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही, तेथल्या धर्मगुरूंच्या हुकमतीपुढे मान तुकवायला पत्रांतून साफ नकार दिला होता. तिच्याकडून दुसरे उत्तर येणे शक्यच नव्हते.

आणि त्या गाणाऱ्या, रडणाऱ्या मुली नुसत्या गात बसल्या नाहीत. त्या विणकाम करत होत्या, शेती करत होत्या, शिकवत होत्या, छापखाना चालवत होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून छापले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण बाहेर पडले. मुलींच्या तुकड्या गावोगाव जात. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या घटनांवर पुस्तिका लिहिली. ती त्यांच्या एका जुन्या वर्गमैत्रिणीच्या हाती दूर चिली देशात पोचली, आणि १९०९ च्या तेथल्या पेंटेकॉस्टल चळवळीची एक ठिणगी तीच ठरली. केडगावच्या दुष्काळी मुलींचा आवाज समुद्रापार गेला. स्तुतीची ताकद म्हणतात ती हीच असेल, तर तिला हसण्याआधी आपण थोडे थांबायला हवे.

मावळातल्या जात्यापाशी

देवाचे नाव घेत बाईने स्वतःबद्दल बोलणे ही ख्रिस्ती बायकांची मक्तेदारी नाही. मावळात तर नाहीच. कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये भिक्षुणीचे नाव आहे, घरगृहस्थीतल्या आईचेही आहे. तुकोबा ज्या भंडारा डोंगरावर जाऊन बसत तो मावळातच. त्यांच्याच शिष्या बहिणाबाई. कीर्तनाला जाते, शूद्र तुकोबाला गुरू मानते, म्हणून नवऱ्याचा मार खाल्लेली ही सतराव्या शतकातली ब्राह्मण बाई. तो मार तिने आपल्या अभंगांतच नोंदवून ठेवला. स्तुती आणि तक्रार एकाच वहीत!

जात्यावरच्या ओव्यांमध्येही तेच दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून पुढे महाराष्ट्रभर लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या लोकांपुढे आणल्या आहेत. त्या ऐकाव्यात. एका ओवीत बाई विठ्ठलाला भाऊ म्हणते, आणि पुढच्याच ओवीत सासरच्या जाचाचे माप त्याच्या पदरात घालते. जाते ओढताना देव जवळ बसलेला असतो, आणि त्याला सगळे ऐकावे लागते.

टिळकांनी हेच ओळखले होते. इंग्रजी चालींवर बेतलेली गीते मराठी माणसाच्या घशाखाली उतरत नाहीत, हे जाणून त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन, कीर्तन आणले. 'उपासना-संगीता'त आजही त्यांची गीते गायली जातात. त्यांच्या 'ख्रिस्तायना'चे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले. १९१९ मध्ये ते गेले आणि उरलेले, म्हणजे बहुतेक सगळे, लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले. लग्नानंतर अक्षरे गिरवलेल्या बाईने! पण आपल्या मंडळ्यांमध्ये 'टिळकांचे ख्रिस्तायन' म्हणतात तेव्हा कोणते टिळक डोळ्यांपुढे येतात, हे मी सांगायला नको. आपण लक्ष्मीबाईंना 'स्मृतिचित्रे'साठी ओळखतो ते ठीकच. पण त्या देवाचे चरित्र लिहिणाऱ्याही होत्या, आणि ते काम त्यांना कोणी सन्मानाने सोपवले नव्हते. मागे राहिलेले म्हणून त्यांच्या वाट्याला आले, आणि त्यांनी ते तडीस नेले.

गाणे जेव्हा बोळा होते

इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल की मी आराधनेची जाहिरात करते आहे. तसे नाही. आता दुसरी बाजू सांगते. ती मला कोणी सांगितलेली नाही, मी पाहिलेली आहे.

आमच्या भागातली एक बाई. तिला मी येथे नुसते ताई म्हणते. नवरा ड्रायव्हर, दारू, संशय. ताई घराजवळच्या नाही, तर दुसरीकडच्या एका मोठ्या सभेला जात असे. तेथे माईक होता, की-बोर्ड होता, व्यासपीठ होते, आणि उपदेशक पुरुष होते. तिने त्यांना घरची हकिगत सांगितली. त्यांनी तिला बायबलातली पौल आणि सीला यांची गोष्ट सांगितली. फिलिप्पै शहरात दोघांना फटके मारून तुरुंगात टाकले, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते स्तुतिगीते गाऊ लागले, धरणीकंप झाला, दारे उघडली, बेड्या गळाल्या. तसेच तू कर बाई, स्तुती कर, नवऱ्याला क्षमा कर, बेड्या आपोआप गळतील.

ताईने ते अक्षरशः केले. नवरा मारू लागला की ती मोठ्याने गाणे म्हणू लागायची. शेजारच्या बायकांनी मला नंतर सांगितले, "आम्हाला वाटायचं, यांची प्रार्थना चाललीय." जवळजवळ दोन वर्षे. गाण्याने मार झाकला गेला. स्तुतीचा असा उपयोग नवऱ्याला सोयीचा होता, सभेला सोयीचा होता, शेजाऱ्यांनाही सोयीचा होता.

पुढे ती गुरुवारच्या खोलीत येऊ लागली. एका गुरुवारी टाळी वाजवताना ती कळवळली, आणि मनगट सुजलेले आमच्या लक्षात आले. गाणे थांबले. तिने तीच पौलाची गोष्ट सांगितली आणि म्हणाली, "माझीच स्तुती कमी पडतीय." मला वाचता येते म्हणून वाचनाचे काम माझ्याकडे असे. मी 'प्रेषितांची कृत्ये' काढून सोळावा अध्याय वाचायला घेतला, आणि नेहमी जेथे थांबतात तेथे न थांबता शेवटपर्यंत वाचला.

शेवटी काय आहे? सकाळी अधिकारी निरोप पाठवतात, त्या माणसांना सोडून द्या. प्रकरण गुपचूप मिटले. पण पौल जायला तयार होत नाही. तो म्हणतो, आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला सर्वांसमोर मारले, आणि आता चोरून घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. अधिकारी घाबरतात, येतात, विनवण्या करतात. आणि बाहेर पडल्यावर पौल-सीला जातात ते लुदिया नावाच्या बाईच्या घरी. ती कापडाचा व्यापार करणारी, स्वतःच्या घराची धनीण. म्हणजे ज्यांनी रात्री स्तुती केली त्यांनीच सकाळी नागरिक म्हणून हक्क मागितला. खोलीतली एक म्हातारी, जिला आम्ही सगळ्या आत्या म्हणतो, ती मोठ्याने म्हणाली, "म्हंजे पौलानं बी तक्रार केली की गं!"

दुसऱ्या दिवशी सहा जणी कामावर खाडा करून ताईबरोबर आल्या. त्यांतल्या दोघींचा त्या दिवसाचा पगार कापला गेला. आम्ही दवाखान्यात नोंद केली, २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. पुढचे सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही. तारखा पडल्या. संरक्षणाचा आदेश मिळायला महिने गेले. धाकटा मुलगा बापाकडे राहिला आहे, त्याचे दुःख तिला रोज आहे. पण ती आज वेगळ्या खोलीत राहते, तिच्या दाराला आतून कडी आहे, आणि ती गाते तेव्हा ते गाणेच असते.

दुसरी एक गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती जिवावर बेतणारी होती. टी.बी.च्या तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला म्हणून एका बाईने सभेत साक्ष दिली की प्रभूने मला बरे केले. टाळ्या पडल्या. साक्ष दिल्यावर गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे तिला वाटले, आणि तिने त्या बंद केल्या. सहा महिन्यांचे औषध अर्धवट सोडले तर रोग चिवट होऊन परततो, हे तिला समजावायला मला तीन चकरा लागल्या. शेवटी उपयोगी पडले ते आत्यांचे बोलणे. त्या म्हणाल्या, "लूक वैद्य व्हता. ज्यानं शुभवर्तमान लिव्हलं त्योच डॉक्टर, मग गोळीला काय घाबरायचं?" ती हसली, आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. श्रद्धेची भाषा येणारी बाई बरोबर नसती तर माझे आरोग्यशिक्षण दारातूनच परतले असते.

विलाप कुठे गेला?

या दोन्ही प्रसंगांवरून मला एक गोष्ट कळली. बायबलात स्तुती एकटी येत नाही. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत, आणि त्यांतली एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आहेत. देवा, किती काळ? तू मला का विसरलास? असे भांडण आहे त्यांत. हन्ना मंदिरात ओठ हलवत रडली, तेव्हा एली याजकाला ती प्यालेली वाटली. तिने त्याला तेथल्या तेथे सुधारले. मरीयेच्या गीतात सत्ताधारी गादीवरून खाली येतात, भुकेल्यांचे पोट भरते आणि श्रीमंत रिकाम्या हाताने जातात. हे गीत गाणारी पोर कुमारी, गरोदर आणि गरीब होती. आजच्या माईकवाल्या सभांमध्ये मात्र विलापाला जागा उरलेली नाही. सगळे आनंदी, सगळे विजयी. ज्या बाईकडे सांगायला विजय नाही, तिने काय करावे? ती मग खोटी साक्ष देते, किंवा गप्प बसते.

मिर्यामचे उदाहरण तर बोलके आहे. तांबडा समुद्र ओलांडल्यावर डफ घेऊन बायकांना नाचवणारी, गाणारी मिर्याम सगळ्यांना आवडते. पुढे तिने आणि अहरोनाने मिळून मोशेला विचारले, देव काय फक्त तुझ्याशीच बोलतो? त्या प्रश्नानंतर कोड फुटले ते फक्त मिर्यामला. गाणारी बाई हवी, प्रश्न विचारणारी नको, ही रीत तेवढी जुनी आहे. आणि ती फक्त ख्रिस्ती नाही, हे आपण सगळ्या जाणतो.

माईक, वेदी आणि पेटी

म्हणून मी आता कोणत्याही मंडळीत गेले की तीन गोष्टी पाहते. माईक कोणाच्या हातात आहे? वेदीपाशी कोण उभे राहू शकते? दानपेटीचा हिशेब कोण लिहिते? फुले, झाडलोट, सणाचा स्वयंपाक आणि वरचा सूर बायकांकडे असतो, आणि वरच्या तीनही गोष्टी बहुधा पुरुषांकडे.

काही हलले आहे, नाही असे नाही. रोमन कॅथलिक चर्चमध्ये वेदीसेवेला मुली असू शकतात, हे १९९४ मध्ये रोमने मान्य केले. वाचक आणि वेदीसेवक ही पदे बायकांना रीतसर खुली व्हायला २०२१ उजाडले. प्रोटेस्टंटांत दक्षिण भारतीय चर्चला पहिली स्त्री बिशप २०१३ मध्ये मिळाली. पण कॅथलिक बाई आजही धर्मगुरू होऊ शकत नाही. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने देवळात जाण्याचा बायकांचा हक्क अधोरेखित केला. त्याच वर्षी मुस्लिम भगिनींनी हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क न्यायालयातून मिळवला. तेव्हा आमच्या चर्चमधल्या काही बायका म्हणाल्या, बरे झाले, आमच्यात असले काही नाही. मी विचारले, दार उघडे आहे हे खरे, पण दारापासून वेदीपर्यंतचे अंतर कोणी मोजले आहे का?

कायद्याचेही तसेच. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा टाकून देणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसता छळ पुरेसा नव्हता. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने यातला अन्याय दाखवून दिला, आणि २००१ मध्ये कायदा बदलून दोघांना समान कारणे मिळाली. त्यामागे ख्रिस्ती बायकांचा आणि स्त्री संघटनांचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता. सव्वाशेहून अधिक वर्षे आपल्या आज्या-पणज्यांनी त्या कायद्याखाली स्तुतिगीते गायली. गुरुवारच्या खोलीत मी हे सांगितले तेव्हा एकीलाही ते माहीत नव्हते. आराधनेच्या सभेत हे कोणी कधी सांगितलेच नव्हते.

दोन्हीकडच्यांना

मंडळ्यांमधल्या पाळकसाहेबांना, फादरांना आणि विशेषतः पाळकीणबाईंना माझी विनंती आहे. बाई मार खाऊन आली तर तिला आधी दवाखान्यात न्या, गाणे नंतर. क्षमेचा उपदेश मार थांबल्यावर करा, आणि तोही आधी मारणाऱ्याला. चर्चच्या फलकावर उपासनेच्या वेळांच्या शेजारी १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक लिहा. साक्षीच्या वेळी अजून बऱ्या न झालेल्या बाईलाही उभे राहू द्या. गीत निवडण्याचे आणि हिशेब तपासण्याचे काम बायकांकडे द्या.

आणि मैत्रिणींनो, आपल्याला मला हे सांगायचे आहे. आपणही गातो. 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गावोगाव पोचले ते त्यातल्या गाण्यांमुळे. शिबिराची सुरुवात आपण गाण्याने करतो, कारण भाषणाने जे होत नाही ते एका सुरात म्हटलेल्या दोन ओळींनी होते. अनोळखी बायकांचा श्वास एक होतो, भीती थोडी सैल पडते. गटकार्याच्या तासाला हेच आम्हाला वेगळ्या शब्दांत शिकवले होते. मग हीच गोष्ट बाई देवाचे नाव घेऊन करते तेव्हा आपण नाक का मुरडतो? गुरुवारच्या खोलीत सगळ्या ख्रिस्ती नसतात. एक जण चैत्रात एकवीरेच्या पायऱ्या चढते, एक बुद्धवंदना म्हणते. त्या कोणाला बाटवायला येत नाहीत, कोणी त्यांना बाटवतही नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या घरात 'ए बाई' म्हणून हाक ऐकल्यावर, आठवड्यातून एकदा आपला आवाज पूर्ण उघडून ऐकायला त्या येतात. खंडाळा-लोणावळ्यात मौनासाठी, ध्यानासाठी येणाऱ्यांच्या जागा पुष्कळ आहेत. फादर अँथनी डिमेलो यांची साधना संस्थाही येथलीच. मौनाची थोरवी मी नाकारत नाही. पण जिला आयुष्यभर गप्प बसवले आहे, तिची पहिली प्रार्थना मौनाची कशी असेल? तिला आधी ओरडायचे असते.

त्या खोलीत आपण गेलो नाही, तर तेथे फक्त दुसरा उपदेशक जाईल, आणि पौलाची गोष्ट अर्ध्यावर थांबवील.

त्या शिबिरातल्या ताईंना माझे उत्तर आता असे आहे. होय, मी टाळ्या वाजवते. ज्या स्तुतीनंतर बाईची मान वर होते, तिच्यात ताकद आहे, आणि ती देवाची की बायकांच्या एकत्र येण्याची, हा वाद मी आत्यांवर सोडते. ज्या स्तुतीनंतर ती पुन्हा त्याच मारापाशी परतते, ती स्तुती देवाला पोचत नसावी. ओळखायचे कसे? गाणे चालू असताना कळत नाही. शुक्रवारी सकाळी कळते. आमच्या खोलीत आता एक नवी रीत पडली आहे. शेवटचे गाणे झाले की आत्या विचारतात, "कुणाला काय सांगायचंय का?" आणि मग ढोलकी खाली ठेवून सगळ्या गप्प बसतात. कोणी बोलते, कोणी बोलत नाही. पण त्या दोन-चार मिनिटांसाठी दार आतून लावून घेतलेले असते.